पावसाचे पाणी, गल्लीचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

या वेळी शहरी वस्तीत शेजारच्या इमारतींनी मिळून पावसाचे पाणी अडवण्याविषयी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. एकट्या घराला गच्चीचे पाणी टाकीत सोडणे फारसे अवघड जात नाही, पण चार-सहा इमारती एकत्र आल्या की नळ्या-झडपांपेक्षा आकड्यांचे आणि माणसांचे प्रश्न अधिक निघतात, हे या पत्रांवरूनही दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत पाच इमारती लागून आहेत. सर्व गच्च्या मिळून सुमारे १,५०० चौरस मीटर भरतात आणि ६० कुटुंबे राहतात. वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मोठी सामाईक टाकी बांधली तर बाहेरून पाणी घ्यावेच लागणार नाही, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. ते खरे धरावे का आणि टाकी किती मोठी असावी?
— एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव

उत्तर : टाकीचा विचार करण्याआधी पाण्याचा हिशेब करावा, म्हणजे सभेतला निम्मा वाद आपोआप मिटेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ते सगळे हाती लागत नाही. काही गच्चीतच मुरते, काही वाफ होऊन जाते, काही पन्हाळीबाहेर उडते आणि सुरुवातीचे मळके पाणी आपण होऊन सोडून द्यावे लागते. स्लॅबच्या गच्चीवरून पडलेल्या पावसाच्या ८० ते ८५ टक्के पाणी मिळते असे धरणे व्यवहाराला धरून आहे. वरचा आकडा घेतला तरी आपल्या पाच गच्च्यांवरून दर मिलिमीटरला १,२७५ लिटर, म्हणजे वर्षाला दहा लाख वीस हजार लिटर पाणी मिळेल.

दहा लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. मात्र कुटुंबात चार माणसे धरली तर गल्लीत २४० माणसे झाली आणि माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर रोजची गरज २४,००० लिटर झाली. वर्षभराचा सगळा पाऊस एक थेंबही न सांडता साठवला, तरी तो जेमतेम बेचाळीस दिवस पुरेल. याचे कारण उघड आहे : मजल्यावर मजले चढले की माणसे वाढतात, छप्पर तेवढेच राहते. आपल्या गल्लीत माणशी सव्वासहा चौरस मीटर छप्पर येते. बंगल्यांच्या वसाहतीत ते तीस चौरस मीटर असेल, तर तेवढ्याच पावसात माणशी वर्षाला २०,४०० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ५६ लिटर पाणी मिळते आणि तिथे ‘बाहेरचे पाणी निम्म्यावर आणू’ असे म्हणणे शोभते. आपण मात्र सभासदांना बाहेरचे पाणी बंद होईल असे आश्वासन देऊ नये. पहिल्याच उन्हाळ्यात ते फोल ठरेल आणि मग चांगल्या योजनेवरचाही विश्वास उडेल.

आता टाकीविषयी. पावसाळ्यात टाकी भरून घ्यायची, कुलूप लावायचे आणि उन्हाळ्यात उघडायची, ही कल्पना मनाला पटकन पटते, पण मोठ्या इमारतींच्या बाबतीत ती तोट्याची आहे. पन्नास हजार लिटरची टाकी एका ४० मिलिमीटरच्या दिवसात भरते आणि त्यानंतरचा सारा पाऊस तिच्या तोंडावरून वाहून जातो. वर्षभरात अशी टाकी पन्नास हजार लिटरच देणार. तीच टाकी पावसाळ्यातच रोज वापरायला काढली, समजा शौचालयांच्या फ्लशसाठी माणशी ३० लिटर, तर दिवसाला ७,२०० लिटर उपसा होऊन आठवड्याभरात ती रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा तयार असते. पावसाळ्यात ती दहा वेळा भरली आणि दहा वेळा रिकामी झाली तर तिने पाच लाख लिटर पाणी दिले असे होईल. त्यामुळे टाकी किती लिटरची बांधावी याइतकेच तिच्यातले पाणी रोज कुठे वापरले जाणार, हेही आधी ठरले पाहिजे. टाकीच्या पोटात न मावणारे पाणी जमिनीत जिरवायचे. उन्हाळ्याची तजवीज होणार असेल तर ती तिथेच होईल.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या इमारतींत फ्लशसाठी वेगळी नळवाहिनी बहुधा नसते आणि भिंती फोडून ती घालणे सगळ्यांना मानवत नाही. तसे असेल तर तळमजल्यावर बाग, जिने-आवार धुणे, गाड्या पुसणे यांसाठी वेगळा नळ काढून सुरुवात करावी आणि टाकीही त्या वापराला बेताची, लहानच बांधावी. काहीही केले तरी पावसाच्या पाण्याची वाहिनी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला कुठेही जोडली जाता कामा नये, मधे झडप असली तरी नाही. दोन्ही वाहिन्यांना वेगळा रंग द्यावा, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या प्लंबरलाही फरक कळेल.

प्रश्न : आमच्या वसाहतीत सामाईक बागेत मोठा शोषखड्डा घ्यायचे ठरते आहे. आमच्याकडे जमीन कठीण आहे, पाणी मुरेल की नाही हे खोदण्याआधी कसे ओळखावे? खड्डा केवढा घ्यावा?
— वसाहत समितीचे सदस्य

उत्तर : वरून माती पाहून सांगणारे पुष्कळ भेटतील, पण जमीन पाणी किती वेगाने पिते हे जमिनीलाच विचारावे. ही चाचणी घरच्या घरी होते. जिथे शोषखड्डा घ्यायचा आहे तिथे, ज्या खोलीवर पाणी मुरवायचे त्या खोलीपर्यंत, तळाशी साधारण फूटभर रुंदीचा खड्डा घ्यावा. कुदळीने खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत होऊन बसतात, त्या टोकदार सळीने खरवडून घ्याव्यात आणि तळाशी चार बोटे खडी टाकावी. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरून रात्रभर माती भिजू द्यावी, कारण कोरडी माती पहिल्या पाण्याला अधाशासारखी पिते आणि तेवढ्यावरून अंदाज बांधला तर फसगत होते. सकाळी खडीच्या वर वीतभर पाणी घ्यावे, खुणा केलेली काठी उभी रोवावी आणि दर अर्ध्या तासाला पाणी किती उतरले ते लिहावे. उतार स्थिर झाला की तो खरा वेग. तो तासाला १३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल, तर त्या जागेचा नाद सोडावा. तिथे शोषखड्डा पाणी जिरवणार नाही, नुसता साचवून ठेवील.

वेग चांगला निघाला तरी खड्ड्याच्या आकाराचा विचार राहतोच. समजा वेग तासाला ५० मिलिमीटर आला, जो वाईट नाही. चार चौरस मीटर तळाचा खड्डा त्या वेगाने तासाला २०० लिटर पाणी पिईल, बाजूंचे मुरणे धरले तर आणखी थोडे. आता जोराची सर आली आणि ५०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५,००० लिटर पाणी त्याच तासात येऊन दारात उभे राहील. त्यामुळे शोषखड्ड्याकडे गिळणारे तोंड म्हणून न पाहता थोडा वेळ पाणी धरून ठेवणारे पोट म्हणून पाहावे आणि त्यात मावत नाही ते पाणी पुढे कुठे जाणार हे खोदायच्या आधी नकाशावर काढावे. ही जादा पाण्याची वाट पावसाळी गटाराकडे जावी, मैलापाण्याच्या गटाराकडे कधीही नाही. तसे केले की मोठ्या पावसात मैला उलटून तळमजल्यांत शिरतो. एका प्रचंड खड्ड्यापेक्षा वसाहतभर विखुरलेले चार मध्यम खड्डे मला नेहमीच बरे वाटतात. एक तुंबला तर तीन चालू राहतात आणि लांबलांबून नळ्या आणण्याचा खर्चही वाचतो.

जागा निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. इमारतीचा पाया, तळघर आणि भूमिगत पाण्याची टाकी यांच्या कडेला खड्डा घेऊ नये. सेप्टिक टँकपासून १५ मीटरपेक्षा जवळ तर नकोच, जमल्यास ३० मीटर अंतर ठेवावे. भर पावसाळ्यात आपल्याकडे भूजल खड्ड्याच्या तळापर्यंत वर येत असेल तर तिथे जिरवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, आधीच भरलेल्या जमिनीत पाणी मावणार नाही.

कठीण जमिनीविषयी इतकेच सांगता येईल की खडक खडकात फरक असतो. बेसॉल्टसारख्या कठीण खडकात पाणी दगडात मुरत नाही, ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरातून वाहते. मुरूम दोन-तीन मीटरवर लागत असेल तर खड्डा तिथपर्यंत नेला की पुष्कळदा काम होते. वर चिकणमातीचा जाड थर आणि खाली पाणी पिणारा थर असेल तर खड्ड्याच्या तळातून भोक पाडून खालचा थर गाठतात, पण असे भोक म्हणजे थेट भूजलात उघडणारे दार असते आणि त्याला लागू असलेली सावधगिरी पुढच्या उत्तरात आली आहे.

प्रश्न : आवारातली बोअरवेल तीन वर्षांपासून कोरडी आहे. गच्चीचे आणि पार्किंगचे सगळे पाणी त्यात सोडावे, जमीन ते आपोआप गाळून घेते, असे आमच्या प्लंबरचे म्हणणे आहे. सोडावे का?
— एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : पार्किंगचे पाणी सोडू नये. या बाबतीत मी कोणताही मधला मार्ग सुचवणार नाही.

जमीन पाणी गाळते हे खरे आहे, पण ते काम वरची माती करते. मातीतले सूक्ष्म जीव, तिचे बारीक कण आणि तिच्यातून पाणी झिरपायला लागणारा वेळ, या तिन्हींमुळे पाणी शुद्ध होते. बोअरवेल हे सगळे ओलांडून पाणी सरळ खाली, भूजल असलेल्या थरात नेऊन सोडते. कठीण खडकात तर तिथून पुढचा प्रवास भेगांतून होतो आणि भेग काही गाळत नाही. पार्किंगच्या आणि रस्त्याच्या पाण्यात इंजिनाचे तेल, टायरची झीज, ब्रेकमधून निघणारे धातूचे कण, कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि ढिगाने गाळ असतो. हे एकदा भूजलात गेले की वर्षानुवर्षे निघत नाही आणि ते आपल्या कुंपणाशी थांबतही नाही. पलीकडच्या आवारातली बोअरवेल त्याच भेगेवर असेल तर आपण शेजाऱ्याच्या पाण्यात गटार सोडले असा त्याचा अर्थ होतो.

गच्चीचे पाणी सोडता येईल, पण तेही पहिला पाऊस वगळून, जाळीतून आणि वाळूच्या गाळणीतून गेल्यावरच. गच्चीवर कोणी कपडे धुण्याचा साबण, कीटकनाशक किंवा रंग सांडत असेल तर तेही नाही. त्याआधी बोअरवेल पाणी घेते का हे पाहावे. पुष्कळ कोरड्या बोअरवेल आतून ढासळलेल्या किंवा गाळाने बसलेल्या असतात. टँकरभर स्वच्छ पाणी ओतून पातळी किती वेळात उतरते हे टेपने मोजावे. तासन्‌तास उतरली नाही तर त्या बोअरवेलमध्ये कितीही सोडले तरी ते तोंडावरून बाहेर येईल. पाणी घेणारी असेल तर ते सोडण्याआधी आणि एका पावसाळ्यानंतर जवळच्या चालू बोअरवेलच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

मग पार्किंगच्या पाण्याचे काय करावे? त्याला वरच्या वर मुरवावे. आधी गाळ बसण्यासाठी एक कुंडी, तिच्यात तेल वर तरंगत राहील आणि पाणी खालच्या बाजूने पुढे जाईल अशी आडवी भिंत, आणि तिथून झाडे-गवत लावलेला उथळ चर. मातीला आणि मुळांना आपले काम करायला अशा चरात वेळ मिळतो. पार्किंगची फरशी नव्याने घालायची वेळ आली तर फटींतून पाणी जाऊ देणारे ब्लॉक घालता येतात. त्यांच्या फटी वर्षाकाठी झाडून-धुऊन मोकळ्या कराव्या लागतात हे मात्र ब्लॉक विकणारे सहसा सांगत नाहीत.

प्रश्न : पहिला पाऊस सोडून द्यावा असे सगळे सांगतात. पण किती सोडावा आणि दर वेळी झडप फिरवायला गच्चीवर कोणी जायचे? आमच्याकडे दोनच वर्षांत टाकीच्या पाण्याला वास येऊ लागला आहे.
— एक गृहिणी, चौथा मजला

उत्तर : कोरड्या दिवसांत गच्चीवर धूळ, पाने, पक्ष्यांची विष्ठा जमते आणि पहिल्या सरीबरोबर ती सगळी खाली येते. किमान पहिला एक मिलिमीटर आणि कबुतरांचा वावर फार असेल तर दोन मिलिमीटर पाऊस सोडून द्यावा. हे मोसमातल्या पहिल्याच पावसापुरते नाही. तीन-चार कोरडे दिवस गेले की त्यानंतरच्या प्रत्येक पावसाला ते लागू होते. इतक्या वेळा हाताने झडप फिरवणे कोणत्याही इमारतीत दुसऱ्या महिन्यापलीकडे टिकत नाही, म्हणून आपोआप चालणारी सोय करावी.

ती अशी : गच्चीवरून उतरणाऱ्या नळीला टाकीकडे वळण्याआधी एक फाटा काढून खाली बंद तोंडाची जाड नळी किंवा पिंप जोडतात. पहिले मळके पाणी त्यात भरते. आत एक पोकळ चेंडू असतो. पिंप भरत आले की तो पाण्याबरोबर वर येतो, तोंड बंद करतो आणि पुढचे स्वच्छ पाणी टाकीकडे वळते. पिंपाच्या तळाशी बारीक छिद्र असते, त्यातून आतले पाणी काही तासांत ठिबकून जाते आणि पिंप पुढच्या पावसासाठी रिकामे होते. आकाराचा हिशेब करताना मात्र लोक हात आखडतात. ७५ चौरस मीटरचे पाणी आणणाऱ्या एका नळीला एका मिलिमीटरसाठी ७५ लिटरची जागा लागते. १६० मिलिमीटर व्यासाची नळी मीटरमागे सुमारे २० लिटर धरते, म्हणजे तिची जवळजवळ चार मीटर लांबी हवी. दीड हात नळी लटकवून ‘पहिला पाऊस सोडण्याची सोय केली’ असे म्हणणारे ठेकेदार असतात. त्यांना हा गुणाकार दाखवावा.

आपल्या टाकीच्या वासाचे मूळ बहुधा त्या बारीक छिद्रातच सापडेल. पान कुजून झालेला लगदा त्यात बसला की पिंप रिकामे होत नाही, चेंडू तोंडाशी अडकून राहतो आणि पुढच्या प्रत्येक पावसाचे मळके पाणी सरळ टाकीत जाते. बाहेरून सगळे जागच्या जागी दिसते. पावसाळ्यात दर आठवड्याला तळाचे बूच उघडून पिंप निचरून घ्यावे आणि तारेने छिद्र मोकळे करावे. त्याच फेरीत वरची जाळी झाडावी.

गाळणीविषयीही दोन शब्द. खाली दगड, मध्ये खडी, वर वाळू अशी थरांची गाळणी चांगली असते, पण वाळूचा वरचा थर गाळाने बसतो आणि मग पाणी तिच्यातून जाण्याऐवजी वरून ओसंडते. वरचे बोटभर थर काढून धुवावे लागतात. कोळशाचा थर वास आणि काही रसायने शोषतो, मात्र त्याची ताकद संपते. वर्षानुवर्षे तोच कोळसा ठेवला तर तो नुसता भरताड होतो. पाचशे चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस असेल तर गाळणीवर सेकंदाला सुमारे सात लिटर पाणी येते. घेतलेली गाळणी एवढे पेलते का, हे लेखी मागून घ्यावे.

प्रश्न : पावसाचे पाणी आभाळातून येते, ते शुद्धच असणार. मग ते प्यायला काय हरकत आहे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : आभाळातून येताना ते बऱ्यापैकी शुद्ध असते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी, म्हणजे पीएच ५.६ च्या आसपास. ते बिघडते ते छपरावर. पक्ष्यांच्या विष्ठेतून रोगजंतू येतात, जुन्या रंगातून शिसे येऊ शकते आणि डांबराचा लेप दिलेल्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या छपराचे पाणी तर पिण्यासाठी धरूच नये. प्यायचेच असेल तर छप्पर स्वच्छ, पहिला पाऊस सोडलेला, पाणी गाळलेले आणि नितळ असले पाहिजे. मग उकळावे किंवा क्लोरीन द्यावे. क्लोरीन दिल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडते आणि काही परजीवी त्याला दादही देत नाहीत, त्यामुळे शंका असेल तिथे उकळणेच बरे.

बर्म्युडा बेटांवर नद्या किंवा गोड्या पाण्याची तळी नाहीत. तिथे घराच्या छपराचे पाणी टाकीत घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि लोक ते पितातही. पण तिथली छपरे चुनखडीच्या दगडाची, पायऱ्या-पायऱ्यांची आणि चुन्याने रंगवलेली असतात. तिथे छप्पर हे पाण्याचे भांडे समजूनच बांधतात आणि निगराणीही तशीच ठेवतात. शहरी सामाईक योजनेत साठ घरांच्या शिस्तीवर कोणाचे आरोग्य सोपवू नये, असे माझे मत आहे. हे पाणी इतर कामांना वापरावे, म्हणजे तेवढे चांगले पाणी पिण्यासाठी उरेल.

प्रश्न : शेजारच्या इमारतीने पावसाच्या पाण्याची टाकी बांधल्यापासून डास वाढले आहेत. तक्रार केली तर ‘आमची टाकी बंद आहे’ असे सांगतात.
— एक त्रस्त शेजारी

उत्तर : टाकी बंद असेलही. डास बहुधा तिच्यात नसून तिच्या लटांबळात असतील : पहिला पाऊस धरणारे न निचरलेले पिंप, गाळ बसवण्याची कुंडी, तुंबलेला शोषखड्डा, उतार चुकल्यामुळे पाणी धरून बसलेली पन्हाळ. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. टाकीचे वायुनळ आणि जादा पाण्याच्या नळीचे तोंड यांना एक मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी हवी, शोषखड्ड्यातले पाणी पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत उतरले पाहिजे, आणि उघडी भांडी दर आठवड्याला नुसती रिकामी न करता घासलीही पाहिजेत, कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी होऊनही महिनोन्‌महिने तग धरतात. शेजाऱ्यांबरोबर एकदा टॉर्च घेऊन ही सगळी ठिकाणे पाहावीत, वादापेक्षा ते लवकर फळ देते.

प्रश्न : पाचपैकी एक इमारत पैसे द्यायला तयार नाही. मात्र जमिनीत जिरवलेल्या पाण्याचा फायदा त्यांच्याच बोअरवेलला सर्वांत जास्त होणार, कारण ती उताराच्या खालच्या अंगाला आहे. हा अन्याय नाही का? खर्च कसा वाटावा?
— सामाईक समितीचे खजिनदार

उत्तर : तुमची चिडचिड समजण्यासारखी आहे, तरी टाकीतले पाणी आणि जमिनीतले पाणी यांचा हिशेब एका वहीत मांडू नये असे सुचवतो. टाकीत साठलेले पाणी मोजता येते, त्याला कुलूप लावता येते, ज्यांनी वर्गणी दिली त्यांनाच ते देता येते. जमिनीत गेलेले पाणी कोणाचेच राहत नाही. ते भेगांच्या आणि उताराच्या मर्जीने जाते आणि उद्या खालच्या इमारतीने उपसा वाढवला तर आपण ते थांबवूही शकत नाही. म्हणून पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी जमिनीत जिरवण्याचा, खर्च गटार किंवा रस्त्यावरचे दिवे यांच्यासारखा सार्वजनिक समजून करावा. त्यात कोणाला किती परतावा मिळाला हे पाहायला गेलात तर काम कधीच सुरू होणार नाही. मुसळधार पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचायचे ते साचले नाही, हा फायदा तर पाचही इमारतींना होतोच.

टाकीपुरती वाटणी पुढीलप्रमाणे केल्यास वाद कमी होतात. आपल्या गच्चीपासून आवाराच्या कडेपर्यंतच्या नळ्या, जाळी आणि पहिल्या पावसाचे पिंप हा ज्या त्या इमारतीचा खर्च आणि ज्या त्या इमारतीची जबाबदारी. सामाईक नळी, गाळणी, टाकी आणि पंप यांचा खर्च पाणी वापरणाऱ्या घरांच्या संख्येवर. गच्चीच्या क्षेत्रफळावर वाटणी करावी असेही काही जण म्हणतात, पण मग मोठ्या गच्चीची इमारत पाणी जास्त देते आणि वर पैसेही जास्त भरते, हे काही न्यायाचे नाही. पैसे न देणारी इमारत नुसते गच्चीचे पाणी द्यायला तयार असेल तर ते नक्की घ्यावे. पाणी कमी पडण्याची वेळ वर्षातून पुष्कळदा येते.

बांधकामाच्या खर्चावर सभेत तासभर चर्चा होते आणि देखभालीचा विषय ‘बघू’ म्हणून पुढे ढकलला जातो. मला विचाराल तर उलटे करावे. दरवर्षी पावसाआधी गच्च्या आणि टाकी धुणे, पावसाळ्यात दर आठवड्याची फेरी, गाळणीची वाळू, पंपाची वीज, यांसाठी वेगळा निधी बांधकामाच्या आधी जमा करावा आणि तो जमत नसेल तर योजना लहान करावी. पाचही संस्थांत लेखी करार व्हावा : नळी कोणाच्या आवारातून जाते, दुरुस्तीसाठी तिथे जाण्याचा हक्क, जादा पाण्याची वाट, टाकीची किल्ली कोणाकडे, इमारतीचा पुनर्विकास निघाला तर जोडणीचे काय. पदाधिकारी बदलले की तोंडी ठरलेले सगळे बदलते.

टोकियोच्या सुमिदा भागात याचे एक साधे रूप पाहायला मिळते. तिथल्या अरुंद गल्ल्यांत ‘रोजिसोन’ नावाच्या छोट्या सामाईक टाक्या जमिनीखाली आहेत. आसपासच्या घरांच्या छपरांचे पाणी त्यांत उतरते आणि वर हातपंप असतो. शेजारीपाजारी झाडांना पाणी घालायला तो वापरतात आणि आग लागली तर हेच पाणी हाताशी असते. त्याच भागातल्या सुमो कुस्तीच्या आखाड्याने १९८५ साली ८,४०० चौरस मीटर छपराचे पाणी एक हजार घनमीटरच्या टाकीत घेऊन शौचालयांसाठी वापरायला सुरुवात केली. लहान आणि मोठी, दोन्ही प्रकारची कामे एकाच भागात नांदतात. तुमच्या चार इमारतींनीही आधी हातपंपाएवढी योजना करून दाखवावी. पाचवीचे मन वळवायला आकडेमोडीपेक्षा चालता पंप अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : पुनर्भरणानंतर आमच्या बोअरवेलची पातळी पावसाळ्याअखेर तीन मीटर वर आली. योजना यशस्वी झाली असे वार्षिक अहवालात लिहावे का?
— संस्थेचे अध्यक्ष

उत्तर : इतक्यात लिहू नये. पावसाळ्याअखेर भूजल कुठेही वर येते, पुनर्भरण केले तरी आणि न केले तरी. योजनेचा वाटा ओळखायचा तर आपल्या बोअरवेलबरोबर थोड्या अंतरावरची, पुनर्भरण नसलेली एखादी बोअरवेल किंवा विहीरही मोजावी. दोन्ही ठिकाणी महिन्यातून एकदा, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजमाप घ्यावे, नाहीतर आपण भूजल न मोजता पंपाने केलेला खड्डा मोजत असतो. गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवून पावसाचीही नोंद ठेवावी, कारण भरपूर पावसाच्या वर्षात प्रत्येक योजना यशस्वी दिसते. पातळी किती चढली यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर ती किती हळू उतरते, हे पाहणे अधिक बोलके असते. पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे छोटे टीडीएस मीटर मिळते. पुनर्भरणाच्या जवळ क्षार कमी होत असतील तर गोडे पाणी पोहोचते आहे याची ती बरी खूण आहे. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की अहवालात आलेख छापावा.

प्रश्न : गच्चीवर सौर पट्ट्या बसवायच्या आहेत. मग पाऊस धरता येईल का?
— एक वाचक

उत्तर : येईल. पट्ट्यांवरून पाणी गच्चीवरच ओघळते, त्यामुळे मिळणाऱ्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुवायच्या दिवशी टाकीकडची वाट बंद ठेवावी आणि त्यांचे पाय स्लॅबमध्ये रोवताना पन्हाळीकडे जाणारा उतार मध्येच अडणार नाही, हे बसवणाऱ्याला आधीच बजावून सांगावे.